क्लच आणि गिअरपेटी : जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

चेन्नईच्या उत्तरेस शोळावरम नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली. युद्ध संपले, विमाने गेली आणि ओस पडलेल्या त्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. 1953 साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या भरवीत असे. पुढे 1990 च्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टै येथे शर्यतींसाठी स्वतंत्र मार्ग तयार झाला.

शोळावरमला धावलेल्या गाड्यांत त्याच शहराच्या परिसरात जन्मलेली एक मोटार होती : स्टँडर्ड हेरल्ड. वंडलूर येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात 1961 पासून ती तयार होऊ लागली. तिचे मूळ रूप ट्रायम्फ हेरल्ड हे 1959 साली इंग्लंडमध्ये बाजारात आले होते. त्याच गाडीचा सांगाडा आखूड करून 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी क्रीडामोटार घडविण्यात आली. म्हणून हेरल्डचा क्लच आणि गिअरपेटी ज्याला समजली, त्याला स्पिटफायरचीही बव्हंशी समजली.

या गाड्या बनणे बंद होऊन अनेक दशके लोटली. सुटे भाग सहज मिळत नाहीत. गिअर टाकताना ‘कर्र’ असा आवाज आला, की घाईने पेटी उघडणे म्हणजे पोट दुखते म्हणून आधी शस्त्रक्रिया करण्यासारखे होय. रोग पेटीत असतोच असे नाही. आणि तो कोठे आहे हे बहुतेक वेळा एकही खिळा न काढता ओळखता येते.

शक्तीची वाट

इंजिनच्या मागील टोकास फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला खेटून, दोन्ही अंगांस घर्षणाचे अस्तर असलेली एक तबकडी असते. स्प्रिंगांच्या जोरावर एक दाबपट्टी या तबकडीस फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, तेव्हा इंजिनचे फिरणे गिअरपेटीत पोहोचते. चालकाने क्लचचा पायटा दाबला, की नळीतील द्रवामार्फत तो दाब एका बेअरिंगपर्यंत जातो. बेअरिंग स्प्रिंगांना रेटते, दाबपट्टी मागे सरते आणि तबकडी मोकळी होते.

गिअरपेटीत लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या असतात. निरनिराळ्या गतींनी फिरणारी दोन चक्रे एकमेकांत गुंतवावयाची, तर आधी त्यांची गती सारखी करावी लागते. ही जुळणी करणारी रचना 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. हेरल्डमध्ये हे काम पितळी कडी करतात. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरलाच. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना करकर झाली, तर तो रोग नव्हे. ती रचनेची मर्यादा आहे.

करकर कोणाची?

गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू ठेवावे. क्लच पूर्ण दाबून काही क्षण थांबावे, म्हणजे पेटीतील चक्रे आपोआप थबकतील. मग उलटा गिअर टाकावा. तो निमूटपणे पडला, तर क्लच नीट सुटतो आहे. इतके थांबूनही दाते खरडले, तर तबकडी फ्लायव्हीलला अजून धरून आहे. इंजिन बंद असताना तोच गिअर सहज पडत असेल, तर हा तर्क पक्का होतो.

आता पायटा दोनतीनदा भराभर दाबून पाहावा. तेवढ्याने सुधारणा झाली, तर नळीत हवा शिरली आहे किंवा रबरी वॉशर झिजून द्रव निसटतो आहे. हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. म्हणून चेन्नईसारख्या दमट किनारी शहरात तो वेळच्या वेळी बदलणे अगत्याचे असते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत गंजामुळे तबकडी फ्लायव्हीलला चिकटूनही बसते.

याउलट उलटा गिअर शांतपणे पडतो, पण धावत्या गाडीत एकाच गिअरला करकर होते, असे असेल तर त्या गिअरचे पितळी कडे झिजलेले असावे. दोष तेव्हा खरोखरच पेटीचा असतो.

घसरण आणि आवाज

चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. ही क्लच घसरत असल्याची खूण होय. अस्तर झिजले असेल, किंवा तेल झिरपून ते निसरडे झाले असेल.

आवाजाची साक्षही मोलाची असते. गिअर मोकळा ठेवून इंजिन चालू असता घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीतील बेअरिंगे संशयास्पद ठरतात. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे बेअरिंग झिजले आहे. चौथ्या गिअरमध्ये शक्ती सरळ पार होते. इतर गिअरांत ती पेटीतील खालच्या दांड्यावरून वळून जाते. म्हणून चौथ्यात शांत आणि इतरांत घरघरणारी पेटी त्या दांड्याच्या बेअरिंगांकडे बोट दाखविते.

वेषांतर केलेला रोग

या इंजिनाचा एक दोष क्लचच्या वेषात येतो. क्लच दाबताना इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पुढे रेटला जातो. तो रेटा दोन अर्धचंद्राकृती चकत्या सोसतात. चालक सिग्नलपाशी पायटा दाबूनच बसत असेल, तर त्या लवकर झिजतात. मग दांडाच पुढे सरकू लागतो आणि क्लच पुरता सुटेनासा होतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने इंजिनच्या पुढच्या टोकाची पट्ट्याची कप्पी न्याहाळावी. दांड्याला मुळात इंचाच्या काही सहस्रांशांइतकीच मोकळीक असते. कप्पी नुसत्या डोळ्यांना पुढेमागे होताना स्पष्ट दिसली, तर गाडी तेथेच थांबवावी. चकत्या गळून पडल्या, तर क्रँकशाफ्ट आणि इंजिनचा ठोकळा दोन्हींची हानी होते. अशा वेळी क्लच बदलण्यात पैसे घालणे व्यर्थ, आणि गाडी चालवीत राहणे घातक.

हेरल्डच्या गिअरपेटीवरील आच्छादन आतून काढता येते आणि पेटीही गाडीच्या आतूनच बाहेर घेता येते. ही सोय असल्यानेच ती उघडण्याचा मोह लवकर होतो. परंतु एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काय बदलले ते ऐकावे आणि मगच पान्याला हात घालावा. कप्पीकडे टाकलेली क्षणभराची नजर एखादे जुने इंजिन वाचवू शकते.