विजेची सायकल व गिअर बदलण्याची हातोटी

पन्नाशी-साठी उलटल्यावर पुष्कळजण सायकल सोडून देतात, याचें कारण बहुधा चढ हेंच असतें. विजेच्या सायकलीनें ही अडचण दूर केली आहे. परंतु ऐन चढावर गिअर अडला, साखळी निसटली किंवा तुटली, तर नवी सायकल आणि जुने गुडघे या दोहोंचीही परीक्षा होते. ती टाळावयाची, तर मोटरीचा जोर कोणत्या वाटेनें चाकापर्यंत पोंचतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

गिअरच्या सायकलीस मागें लहानमोठीं दंतचक्रें एका ओळीनें बसविलेलीं असतात. साखळी मोठ्या चक्रावर गेली कीं पाय हलके फिरतात. लहान चक्रावर आली कीं वेग वाढतो, पण पायांना जोर अधिक पडतो. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नीट जाण्यास दोन गोष्टी अवश्य आहेत: ती फिरती असावी, आणि त्या क्षणीं ती फार ताणलेली नसावी.

अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीं विजेच्या सायकलीचें पेटंट मिळालें. त्यांत मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे हबमध्यें होती. उलट, जपानच्या यामाहा कंपनीनें १९९३ सालीं विक्रीस आणलेल्या सायकलीची मोटर मध्यभागीं, पायडलांच्या आंसापाशीं होती. हे दोन प्रकार आजही प्रचारांत आहेत.

हबमधील मोटर चाकाला थेट फिरविते. तिचा जोर साखळीवर येत नाहीं. म्हणून येथें साध्या सायकलीचीच रीत पुरते: पाय किंचित् सैल करावे, पण फिरते ठेवावे, आणि गिअर बदलावा. मग मोटर ओढीत असतांना गिअर हवेतच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, या मोटरीला सायकलीच्या गिअरांचा उपयोग होत नाहीं. चढावर वेग फार मंदावला, तर ती वीज अधिक खाते व तापते. हलका गिअर घेऊन पायांनीं हातभार लावला, म्हणजे वेग टिकतो आणि मोटरही सुखरूप राहते.

मध्यभागच्या मोटरीची गोष्ट निराळी. तिचा व पायांचा जोर एकाच साखळीवरून जातो. साधारण स्वार बराच वेळ सुमारे १०० वॅट शक्ति लावूं शकतो. त्यांत मोटरीचे २५० वॅट मिळाले, तर पाय त्याच वेगानें फिरत असतां साखळीवरील ताण साडेतीन पट होतो. भरलेली मोट वर येत असतां ताणलेला नाडा चाकावरून सरकविण्याच्या भरीस कोणी शहाणा शेतकरी पडत नाहीं. तसेंच हें आहे.

म्हणून चढ समोर दिसतांच, जोर लागण्यापूर्वीं, गिअर हलका करावा. एका वेळीं एकच गिअर बदलावा. पायांचा दाब मोजणारी मोटर असेल, तर पाय सैल होतांच तीही नरमते. कांहीं मोटरी मात्र पायडल फिरतें आहे एवढेंच ओळखतात, दाब ओळखीत नाहींत. त्या पाय सैल केल्यावरही ओढीतच राहतात. अशा सायकलीच्या ब्रेकला मोटर बंद करणारी कळ असल्यास ब्रेकची मूठ अगदीं हलकी दाबावी, पाय हळू फिरते ठेवून गिअर बदलावा आणि मूठ सोडावी. कांहीं सायकलींत गिअरच्या तारेवर एक लहानसें यंत्र असतें. तें हेंच काम क्षणार्धांत आपोआप करतें.

चौकांत थांबण्यापूर्वींच गिअर हलका करणें दोन्ही प्रकारांत हिताचें, कारण उभ्या सायकलीवर साखळी चक्र बदलीत नाहीं. ज्यांचे गिअर चाकाच्या हबच्या आंत असतात, त्या सायकलींवर मात्र थांबल्यावरही गिअर बदलतां येतो. चालतांना बदलावयाचा असल्यास क्षणभर पायडल मारणें थांबवावें.

रीत साधली कीं नाहीं, हें कानच सांगतात. 'खाड्' असा आवाज होऊन सायकलीला हिसका बसला, तर जोर वेळेवर कमी झाला नाहीं असें समजावें. नुसती बारीक 'टिक्' ऐकूं आली, म्हणजे साखळी सुखानें आपल्या जागीं बसली.