डाळ-मिरचीचा पोपट नव्हे

मंचरच्या पूर्वेला, अवसरी खुर्दच्या बाजूला, पक्षी पाळायला जागेची अडचण नसते. घरामागे परसू असतं, बोअरचं पाणी असतं, केळी-पपई-डाळिंब हाताशी मिळतं. त्यामुळे बजरिगर आणि कॉकटेल सांभाळून हात बसला, की पुढची उडी रंगीत लोरिकीटवर पडते. अडचण इथेच सुरू होते. लोरिकीटची चोच पोपटाची, आवाज पोपटाचा, म्हणून रीतही पोपटाचीच असणार असं धरून चाललं जातं.

“पोपटच तो, भिजवलेली डाळ आणि हिरवी मिरची खाईल.” खाईलही, पण त्यावर तगणार नाही. लोरिकीट मुळात फुलांवर जगणारा पक्षी आहे. इंडोनेशिया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटं हे त्याचं घर. जिभेच्या टोकाला बारीक केसाळ कुंचला असतो आणि त्याने तो मकरंद टिपतो, पराग खरवडतो. दाणे दळणारी पेषणी इतर पोपटांइतकी दणकट नसते. बाजरी-सूर्यफुलावर ठेवलेला लोरिकीट काही महिने चांगला दिसतो, म्हणून मालकाची खात्री पटते. पुढे पिसं निस्तेज होतात, वजन उतरतं, आणि दोष हवेवर जातो.

याच्या दुसऱ्या टोकाला गूळपाण्याचा उपाय आहे. मकरंद गोड, गूळही गोड, शिवाय गूळ पौष्टिक. माणसाला पौष्टिक, हे खरं. पण गुळात लोह असतं, आणि लोरिकीटच्या जातकुळीत खाण्यातलं जादा लोह यकृतात साठत जाण्याचा आजार ठाऊक आहे. फुलांच्या रसात लोह नावापुरतंच असल्यामुळे त्याचं शरीर मिळेल तेवढं शोषून घेतं, ते बाहेर टाकण्याची सोय मात्र अपुरी. संत्री-मोसंबीतलं क जीवनसत्त्व हे शोषण आणखी वाढवतं. पिल्लांना हाताने भरवताना काही जण लहान बाळांचं तयार खाद्य वापरतात. त्यातही मुद्दाम लोह घातलेलं असतं. नुसतं साखरपाणी किंवा मध दिला तर लोहाचा प्रश्न सुटतो, पण प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व कुठून येणार? म्हणून कमी लोहाची, लोरिकीट आणि त्याचे भाईबंद लोरी यांच्यासाठीच बनवलेली मकरंदाची पावडर हा पाया धरावा आणि तिच्या जोडीला पपई, केळं, चिकू, सफरचंद द्यावं. जास्वंद, बॉटलब्रश, निलगिरी यांची फुलं मिळाली तर उत्तम, मात्र फवारणी नसलेलीच. नारायणगावकडची द्राक्षं देताना हाच विचार दुप्पट करावा. बागेत फवारणी कधी झाली हे माहीत नसेल तर ती आपण खावीत, पक्ष्याला देऊ नयेत, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर आपणही धुऊनच खावीत.

“हवा मानवत नाही” ही तक्रारही तपासून घ्यावी लागते. हे पक्षी उष्ण प्रदेशातले. सावली, वारा आणि आंघोळीला पाणी असेल तर आपला उन्हाळा ते काढतात. उन्हाळा टिकू देत नाही तो वाटीतल्या मकरंदाला. सकाळी आठला ठेवलेली वाटी एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत आंबते, तिच्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. लोरिकीटमधले आतड्याचे घातक आजार बरेचदा अशा वाटीतूनच येतात. उन्हाळ्यात दर तीन-चार तासांनी मकरंद बदलायचा आणि वाटी गरम पाण्याने घासायची. ज्याच्या घरी दुपारी कोणी नसतं, त्याने हा पक्षी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या गारठ्याला आडोसा आणि कोरडी झोपायची पेटी पुरते.

पातळ खाण्यामुळे विष्ठाही पातळ, आणि ती पिचकारीसारखी दूर उडते. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यातून ती थेट भिंतीवर जाते. त्यामुळे धुता येईल अशी उताराची फरशी आणि निचरा हवाच. जाळी नवी गॅल्व्हनाइज्ड असेल तर ती ब्रश आणि व्हिनेगरने घासून, धुऊन मग पक्षी सोडावेत. सुट्या जस्ताचे कण चोचीतून पोटात गेले तर विषबाधा होते.

अवसरीच्या पट्ट्यात पहिली भीती निघते ती बिबट्याची, आणि ऊस आहे तिथे ती साहजिक आहे. अ‍ॅव्हिअरीचे नेहमीचे चोर मात्र उंदीर, मांजर आणि धामण. उंदीर मकरंदाच्या वासाने येतो, अंडी नेतो, त्याच्यामागे साप येतो. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी, पाया जमिनीत खोल आणि दुहेरी दार, एवढं केलं की यातलं बरंचसं टळतं.

जोडी लावण्याबाबत सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे “डोकं मोठं तो नर, रंग फिका ती मादी.” बहुतेक लोरिकीटमध्ये नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात. स्टेलाज लोरीसारख्या काही जातींत मादीच्या पाठीखाली पिवळा पट्टा असतो, पण ते अपवाद. बाकीच्यांना पिसाची किंवा रक्ताची डीएनए चाचणी हाच आधार. दोन नर एकमेकांची पिसं नीट करतात, भरवतातही, आणि विकणारा ती “खात्रीची जोडी” म्हणून दाखवतो. दोन माद्या असतील तर एकाच पेटीत चार अंडी दिसतात, मालक खूश होतो, पण एकही फुटत नाही. खरी जोडी सहसा दोन अंडी घालते. रेनबो लोरिकीटमध्ये अंडी साधारण 23 ते 25 दिवस उबवली जातात आणि पिल्लू जवळपास आठ आठवड्यांनी पेटीबाहेर येतं. या काळात पेटीचा तळ पातळ विष्ठेने सतत ओला होतो. लाकडाच्या भुशाचा जाड थर घालून तो बदलत राहणं हे पिल्लं वाचवण्याचं निम्मं काम. त्याच अ‍ॅव्हिअरीत फिंच किंवा दुसरी जोडी ठेवू नये. वीण चालू असलेला लोरिकीट शेजाऱ्याचा पाय तोडायला कमी करत नाही.

“दुर्मिळ” हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. निळा, ऑलिव्ह किंवा पिवळा लोरिकीट ही बहुधा नेहमीच्या जातीची रंगछटा असते, आणि ती टिकवायला अनेकदा जवळच्या नात्यातली वीण केली जाते. साधा रेनबो लोरिकीट तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आपल्याकडच्या कावळ्यांइतका सर्रास दिसतो. पर्थमध्ये 1960च्या दशकात सुटलेल्या मोजक्या पक्ष्यांची प्रजा एवढी वाढली, की तिथे तो उपद्रवी ठरला. खरा दुर्मिळ म्हणावा असा इंडोनेशियाच्या तलाउद बेटांवरचा लाल-निळा लोरी. तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे.

“परदेशी पक्ष्याला कसली आली परवानगी?” हे एकेकाळी बरंचसं खरं होतं, आज नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली आणि साइट्समधल्या जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बजरिगर आणि कॉकटेल त्या यादीबाहेर आहेत, म्हणून त्यांच्या अनुभवावर विसंबता येत नाही. लोरी-लोरिकीट यादीत आहेत. फेब्रुवारी 2024मध्ये आलेल्या नियमांनुसार असे पक्षी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची असते. जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचं असतं. परिशिष्ट एकमधल्या जातींची वीण करायची तर वेगळा परवाना लागतो. दुकानदाराची पावती किंवा पायातली रिंग यातलं काहीही भरून काढत नाही.

आणि आपल्या सह्याद्रीतला ‘लोरिकीट’? जुन्या इंग्रजी पक्षीग्रंथांत त्याला हे नाव होतं. चिमणीएवढा, हिरवागार, पाठीखाली शेपटीपाशी लाल, वटवाघळासारखा उलटा लटकून झोपणारा. तो मकरंद पितो, पण खरा लोरिकीट नाही, आणि देशी पक्षी म्हणून त्याला संरक्षण आहे. तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हाच. “जंगलातून आणलेलं पिल्लू, सोडलं असतं तर मेलं असतं” या सबबीला कायद्यात जागा नाही.

शेवटी ज्याचा फार अभिमान बाळगला जातो ती गोष्ट: घरी पिल्लं काढली म्हणजे जात वाचवली. लोरिकीट खरोखर कसे परत आले हे कुक बेटांवर पाहावं. तिथला कुल लोरिकीट लाल पिसांच्या हव्यासापायी कधीच संपला होता. 2007मध्ये शेजारच्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या रिमातारा बेटावरून 27 रानपक्षी पकडून अतियू बेटावर सोडले. अतियूची निवड झाली, कारण झाडावर चढून घरटी फस्त करणारा काळा उंदीर तिथे पोचलेला नव्हता. पक्ष्यांनी वीण धरली, पण तिथल्या साळुंक्या त्यांना त्रास देऊ लागल्या. बेटावर पूर्वी माणसांनीच आणून सोडलेल्या त्या साळुंक्या, आपल्या अवसरीच्या बांधावर नांगरामागे किडे वेचतात तीच जात. पुढे बेटावरून त्यांचा पूर्ण नायनाट करण्यात आला.