वाऱ्याची दिशा आणि प्रोसेसरचा ताप

मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि ज्या कचेरीत वातानुकूलनाची तजवीज नाही तिथे संगणकाच्या पेटीत शिरणारी हवाच इतकी तप्त असते की, पंखा कितीही वेगाने फिरला तरी प्रोसेसरचे तापमान त्या हवेच्या खाली उतरणे निसर्गनियमाने अशक्य ठरते. म्हणूनच येथे वाऱ्याच्या दिशेला विशेष महत्त्व. पंख्याची पाती ज्या बाजूने उघडी दिसतात तिकडून सामान्यतः हवा आत ओढली जाते, आणि मोटर तोलून धरणाऱ्या काड्या ज्या बाजूस असतात तिकडून ती बाहेर पडते. एवढी खूण ध्यानी धरून पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा ती बाहेर टाकणारा आणि हीटसिंकवरचा त्या मागच्याच दिशेने फुंकणारा, असा बंदोबस्त करावा. यातील एक जरी उलटा बसला तरी तापलेली हवा पेटीतच घुटमळते, आणि तापमान साधारण १०० अंशांपाशी पोहोचताच प्रोसेसर आत्मरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. कापसाचा हंगाम सरला की पुढच्या जाळीवर साचलेले तंतू आणि काळ्या मातीची धूळ झाडून काढणे अगत्याचे. कूलरचा दमट झोत मात्र थेट पेटीवर सोडू नये.