रिचार्ज की बिल? ऐकीव गोष्टी आणि खरे नियम

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात कायम नोकरीला असलेल्याचा पगार दर महिन्याला खात्यात पडतो. दोघांना मोबाइलची एकच योजना सोयीची होणं कठीण. तरीही प्रीपेड की पोस्टपेड हे ठरवताना माणसं आपल्या पैशाचा हिशेब सोडून ऐकीव गोष्टींवर विसंबतात, आणि त्यात त्यांचं नुकसान होतं.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे पोस्टपेडला रेंज चांगली मिळते. एकाच कंपनीची दोन्ही प्रकारची सिमं त्याच टॉवरवर चालतात. बिल भरलं म्हणून सुरगाण्याच्या डोंगराआडच्या वाडीत सिग्नल पोहोचत नाही. महागड्या पोस्टपेड ग्राहकांना जास्त वेग देण्याच्या योजना दोन कंपन्यांनी आणल्या होत्या, तेव्हा जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने त्या थांबवायला सांगितलं. बाकीच्या ग्राहकांच्या सेवेचं काय होणार, हा ट्रायचा प्रश्न रास्तच होता. रेंज हवी असेल तर आपल्या गल्लीत कोणत्या कंपनीचा फोन नीट लागतो ते शेजाऱ्यांना विचारावं.

‘पोस्टपेड घेतलं की वर्षभर अडकलो’ ही भीतीही जुनी आहे. अमेरिकेत हँडसेटसह दोन वर्षांचा करार करण्याची पद्धत होती, तिच्या गोष्टी नातेवाइकांकडून आपल्यापर्यंत आल्या. आपल्याकडे २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देऊ केला आणि उरलेली रक्कम हप्त्यांवर ठेवली; तेव्हाही असंच बंधन होतं. आज साध्या पोस्टपेड सिमवर तसं काही नसतं. उलट नियमाने बांधलेली असते ती कंपनी: योजना घेतल्यापासून सहा महिने तिला त्याच अटींवर ती चालू ठेवावी लागते, ग्राहक मात्र मधेच बदलू शकतो. फोन किंवा खास सवलत सोबत घेतली असेल, तर तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

पैशाकडे नीट पाहायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. पोस्टपेडची जाहिरात बहुधा कर वगळून केलेली असते. ४०० रुपयांच्या योजनेवर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ४७२ रुपयांचं होतं. प्रीपेडच्या छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. पण तिथे २८ दिवसांचा ‘महिना’ असतो, म्हणजे वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज. ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नूतन होणारा पॅक ठेवणं ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं नाही तर मागून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक चांगला नियम आला: इंटरनेट नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच हवेत, आणि अशा खास पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीच्या माथी रोजचा डेटा मारण्याचं कारण उरलेलं नाही. बागायतदारानेही माल विकल्यावर वर्षाचा रिचार्ज एकदम मारून टाकावा.

रिचार्ज संपला की नंबर लगेच जातो, असंही नाही. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तरच प्रीपेड क्रमांक बंद करता येतो, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तीही पाळी टळते. मात्र नंबर शाबूत असला तरी सेवा चालू असेलच असं नाही. ओटीपी आला नाही तर बँकेचं काम अडतं. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना मुदत लक्षात ठेवावी लागू नये म्हणून त्यांचा फोन मुलाच्या फॅमिली पोस्टपेडमध्ये घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पोस्टपेडचं बिल बुडवून सिम फेकून दिलं की प्रकरण मिटलं, हा समज मात्र महागात पडू शकतो. थकबाकी क्रेडिट अहवालात जाऊ शकते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी समोर येते.

प्रकार बदलायला नवा नंबर किंवा कागदपत्रांचा गठ्ठाही लागत नाही. सप्टेंबर २०२१ पासून त्याच कंपनीत प्रीपेडचं पोस्टपेड, किंवा उलट, ओटीपीवर करता येतं. कंपनीच बदलायची असेल तर दुकानदाराच्या भरवशावर न राहता १९०० वर स्वतः पोर्टिंगचा एसएमएस करावा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि देय तारीख उलटलेलं बिल बाकी नको. नाशिक महाराष्ट्र-गोवा परिमंडळात येतं, मुंबईचं परिमंडळ वेगळं. त्यामुळे नाशिकमधल्या नाशिकमध्ये कंपनी बदलायला तीन कामाचे दिवस लागतात, तर बदली होऊन मुंबईला गेल्यावर तिथल्या परिमंडळात नंबर न्यायला पाच.