वाड्याखाली हंडा नव्हता

शहापूर, किन्हवली, मुरबाड, धसई. ठाणे जिल्ह्यातल्या या बाजारगावांतल्या जुन्या श्रीमंत घराण्यांविषयी विचारा, हमखास एक उत्तर मिळतं: "त्यांच्या पणजोबांना मोहरांचा हंडा सापडला." जवळच माहुली किल्ला, नाणेघाटाची जुनी वाट, त्यामुळे गोष्ट खपतेही.

खरा हंडा होता भाताच्या कणगीत. हा मुलूख एकपिकी. आषाढ-श्रावणात लावणीचं काम ऐन भरात असतं आणि ठाकूर, कातकरी, कुणबी घरांतलं धान्य नेमकं तेव्हाच संपलेलं असे. मग सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य, उचलायची, ती दिढीने. आषाढात नेलेल्या एका मणाचे सुगीनंतर दीड मण. पाच महिन्यांत निम्मं व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा १२०! फिटलं नाही की बाकी पुढच्या सालात, मग जमीन गहाण, मग खरेदीखत. शेवटी त्याच बांधावर तोच माणूस कूळ म्हणून मक्त्याचं भात मोजायचा. लग्नासाठी उचल घेणारा तर बायकोसकट सावकाराकडे राबे. त्याला लग्नगडीच म्हणत. ठाणे जिल्ह्यातली ही प्रथा सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात नोंदलेली आहे.

"आदिवासी दारूपायी बुडाले" हे म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. कर्जाचं मूळ पावसाळ्यातल्या रिकाम्या कणगीत होतं. क्रांतिकारक भाई कोतवालांनी ते ओळखलं आणि कर्जत भागात धान्यकोठ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर ते हुतात्मा झाले.

निव्वळ व्याजावर मात्र वाडे उभे राहिले नाहीत. रेल्वे १८५५ मध्ये वाशिंदला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. मुंबईला इमारती लाकूड हवं होतं, कोळसा हवा होता, तबेल्यांना गवत हवं होतं. ज्याच्या हाती जंगलाचा मक्ता आणि वखार, त्याचं साधलं. भातासाठी कुचकामी वरकस जमीनही गवतामुळे पैसा देऊ लागली. या धंद्यात जोखीम होती, अक्कलही लागे. हे नाकारू नये. पण तोड आणि कोळशाच्या भट्ट्या उचल घेतलेल्या मजुरांच्या अंगावर चालत.

"कुळकायद्याने वाडेवाल्यांचं सगळं गेलं" हाही अर्धाच खरा समज. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा मालक ठरला, पण प्रत्यक्षात बहुधा कागदोपत्री कूळ असेल तर. त्याआधीच ठिकठिकाणी कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याच्या नोंदी झाल्या होत्या. त्यातली राजीखुशी किती पोकळ होती ते दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांनी १९५७ मध्येच दाखवून दिलं. तोंडी कूळ असल्याचं सिद्ध करणं तर फारच अवघड होतं.

याचा परिणाम अजून संपलेला नाही. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला, आजोबा कुठली जमीन कसत होते याला नाही. तुमच्या आजोबांनी अशी जमीन कसली असेल तर तहसील कचेरीतून कुळकायद्याच्या, म्हणजे १९४८ ते १९५७ या काळातले फेरफार काढा आणि ओळ न् ओळ वाचा.