नाताळच्या सुट्टीत घर दाखवताना

परदेशातली मुलं नाताळच्या सुट्टीत घरी येतात आणि वर्षभर लांबणीवर टाकलेला विषय निघतो, जुना फ्लॅट विकायचा. घेणारेही याच दिवसांत मोकळे असतात. पौषामुळे काही जण विसार संक्रांतीनंतर देतात. पण घर बघायला येतात ते आत्ताच.

पहिली गोष्ट वेळेची. पुण्यात डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत पोचतं, उत्तरेच्या खोलीत मात्र ते फिरकतही नाही. सहाच्या सुमारास दिवस मावळतो. ऑफिस सुटल्यावर साडेसातला आलेल्या माणसाला तुमचं घर ट्यूबलाइटच्या उजेडातच दिसणार. तेव्हा एजंटला स्पष्ट सांगा, सकाळी अकरा ते दुपारी चार, आणि आदल्या दिवशी फोन करून.

थंडीत खिडक्या बंद राहतात. फोडणीचा वास आणि ट्रंकेतून काढलेल्या रजयांचा डांबरगोळ्यांचा वास आपल्याला जाणवत नाही, नव्या माणसाला दारातच जाणवतो. तासभर आधी खिडक्या उघडा. पाहुण्यांच्या गाद्या उचला, दिवाळीचा आकाशकंदील उतरवा, ओटा आणि बाल्कनी मोकळी करा. देवघर, भिंतीवरचे फोटो काढून ठेवायचा सल्ला हल्ली मिळतो. मला तो पटत नाही. घरात माणसं राहतात हे दिसलं तर बिघडलं कुठे? दागिने मात्र लॉकरमध्येच असू द्या.

खरा प्रश्न ओलीचा. पावसाळ्यात भिजलेली भिंत डिसेंबरपर्यंत वाळते, मागे पिवळा डाग आणि पोपडे उरतात. दुरुस्तीला हाच काळ चांगला. पण वरच्या न्हाणीघरातली गळती तशीच ठेवून नुसता रंग फासला, तर डाग पुन्हा वर येतो. काही जण तिथे कपाट सरकवतात. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ या बाबतीत स्पष्ट आहे : विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. म्हणून आधी गळती काढा, मग रंग, आणि प्लंबरचं बिल जपून ठेवा. विचारलं तर ते दाखवता येतं. दुरुस्ती झाली नसेल तर तसं सांगा. त्यापोटी किंमत थोडी कमी करावी लागेल, पण पुढच्या जूनमध्ये भांडण दारात येणार नाही.

आणखी एक. तीस वर्षं राहिलेल्या घरात कुणी शिरतो आणि ‘हे सगळं तोडावं लागेल’ असं सहज बोलून जातो. आईवडिलांना ते लागतं. घर दाखवायला एकानेच थांबावं, बाकीच्यांनी नातवंडांना घेऊन खाली उन्हात जावं. थांबणाऱ्याने शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत, मालमत्ता कराची आणि सोसायटीची ताजी पावती एका फाइलमध्ये हाताशी ठेवावी. मूळ कागद मात्र कुणालाही घरी न्यायला देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.