ब्राझिलांत नसलेलें आर्डवार्क

कोआटी हा प्राणी आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. अमेरिका खंडांतला, रॅकूनच्या कुळांतला, लांब लवचिक नाकाचा व शेपटीवर कड्यांसारखे पट्टे असलेला हा जीव. आर्डवार्क अगदींच निराळें. तें आफ्रिकेंत राहतें, रात्रीं मुंग्या व वाळवी उकरून खातें, आणि त्याच्या गणांत आज तीच एक जाति उरली आहे. असें असतां, कोआटीला ‘ब्राझिली आर्डवार्क’ असेंही म्हणतात, हें वाक्य विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशांत सुमारें सहा वर्षें सुखेनैव नांदलें!

झालें तें असें. न्यूयॉर्कच्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला व त्याच्या भावाला ब्राझिलच्या प्रवासांत कोआटी पाहून तें आर्डवार्कच वाटलें होतें. तो घरगुती विनोद त्यानें २००८ च्या जुलैंत कोशांत घालून दिला. आधार अर्थातच कांहीं नव्हता. कोणी तरी खोडील, अशी त्याची समजूत. कोणीं खोडलें नाहीं. पुढें इंग्लंडांतील नामांकित दैनिकांनीं तें नांव उचललें, आणि मग त्यांतल्याच एका दैनिकाचा हवाला कोशांतील वाक्याला आधार म्हणून जोडण्यांत आला. पोरानेंच बापाच्या जन्माची साक्ष द्यावी, तशांतला हा प्रकार!

डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशांत चूक निघाली तर जाब कोणाला विचारावा हें ठाऊक असे. येथें लिहिणारा कोण, हें बहुधा कळत नाहीं. पण एक सोय छापील कोशांत नाहीं ती येथें आहे. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर कोणतें वाक्य कोणत्या दिवशीं आंत आलें याची नोंद राहते. ती तारीख पाहावी, मग आधार म्हणून दाखविलेल्या लेखाची पाहावी. आधार वाक्याहून धाकटा निघाला, तर जुना ग्रंथ मिळेपर्यंत विश्वास राखून ठेवावा. मुलांच्या शाळेच्या निबंधासाठीं कोश उघडणाऱ्या वडील मंडळींना हें पांच मिनिटांचें काम आहे.

शिवाय ‘म्हणतात’ म्हणजे कोण म्हणतात? आर्डवार्क हा दक्षिण आफ्रिकेंतील आफ्रिकान्स भाषेचा शब्द. अर्थ, मातींतलें डुक्कर. ब्राझिलची भाषा पोर्तुगीज, आणि तेथें या प्राण्याला ‘क्वाती’ म्हणतात. एवढा विचार त्या दैनिकांच्या कचेऱ्यांत कोणाला सुचला नाहीं, याचें मात्र नवल वाटतें.

२०१४ च्या मे महिन्यांत ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानें ही हकीकत बाहेर आणली, तेव्हां कोशांतील वाक्य गेलें. दैनिकांचे घरोघर वांटले गेलेले अंक कोण परत मागविणार?